तीस किलोची कोठी

जगातली भूक मिटवायला निघालेली मुलं दरवर्षी दिवाळीच्या सुमारास माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहतात. इस्लामपूरजवळच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी डिझाइन शिकवते तिथं तिसऱ्या वर्षाला एक प्रोजेक्ट सक्तीचं असतं, आणि हल्ली विषय वरूनच ठरून येतो. भूक आणि अन्नाची शाश्वतता. चारचार जणांचे गट, मार्गदर्शक म्हणून माझी सही, फेब्रुवारीत पुण्याला स्पर्धा.

मला या विषयाचाच संशय येतो. आमची मुलं बहुतेक उसाच्या घरातली. यांच्याकडं उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट आणि शेजारी दह्याची वाटी. एका गटानं लग्नात उरलेलं जेवण गरजूंना पोचवायचं ॲप केलं होतं. ॲप झकास चाललं, जेवण मात्र पोचेपर्यंत आंबलं. दुसऱ्या गटानं भिंतीला बाटल्या टांगून मेथी लावली. परीक्षक फोटो काढून गेले आणि नंतर पाणी घालायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. प्रत्येक पोस्टरवर मात्र हाडं निघालेलं एक मूल असायचं, इंटरनेटवरून उचललेलं. मी विचारायची, हे मूल कुठलं रे? आता ते कसं आहे? कुणाला ठाऊक नसायचं.

त्यामुळं त्या वर्षी एक मुलगी तीन मुलांना घेऊन आली आणि "मॅडम, आम्ही धान्याची कोठी करणार आहोत" म्हणाली, तेव्हा मी मान वर न करताच विचारलं, "आणि पोस्टरवर कोण?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "कोठीच."

ती वाळवा तालुक्यातलीच, फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाची लेक. बोलणं सरळ आणि हातात कायम एक वही. कल्पना तिची होती. पत्र्याची साधी कोठी, तळाला वजनकाट्यात असतो तसला सेन्सर, आणि एक सिमकार्ड. कोठीत धान्य किती उरलंय ते दूरच्या माणसाला फोनवर कळायचं. माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागात घरटी एक माणूस मुंबईला कामाला. गावात राहिलेली म्हातारी माणसं धान्य संपलं तरी सांगत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं.

"तुला कसं माहीत, सांगत नाहीत ते?"

"माझी आजीपण सांगत नाही, मॅडम. तिला तर कमी पण काही नाही."

हे ऐकून मी पहिल्यांदा मान वर केली.

माझं माहेर माणात आहे, दहिवडीपासून आत एका वस्तीवर. वडील मेंढरं राखायचे. ते गेल्यावर आईनं मेंढरं विकली. आता तीन शेळ्या, एक कुत्रं, पावसावर येईल तेवढी ज्वारी आणि ती एकटी. मी एकुलती एक. सासर कुंडलला, उसाच्या घरात. लग्न आमच्या पसंतीनं झालेलं, कॉलेजातलं, आणि ते दोन्हीकडच्यांनी गिळून घेतलेलं. लग्नाच्या पंगतीत माझ्या सासूबाई कुणाला तरी म्हणाल्या होत्या, "माणातली हाय. आमच्यात पोटभर खाईल तरी." हसत म्हणाल्या होत्या. ते मी ऐकलं होतं, आणि पाठीमागं पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या माझ्या आईनंही.

तेव्हापासून आई माझ्या घरचा दाणा घेत नाही. मी चहासाखर, तेल घेऊन गेले तर ती पिशवी कधी रिकामी परत देत नाही. त्यात अंडी घालते, हुलगे घालते, काही नसलं तर बोरं. पैशाचं नाव काढलं तर शेळ्यांकडं बघायला निघून जाते. आणि फोनवर रोज तेच.

"जेवलीस का?"

"जेवले की."

"काय खाल्लंस?"

"भाकरी, कालवण."

"कसलं कालवण?"

"आता काय सगळं सांगत बसू व्हय?"

माझा विश्वास नव्हता. त्या दिवाळीला गेले तेव्हा तिच्या चोळीची बाही दंडावर सैल झालेली दिसली. वय झालं गं, असं ती म्हणाली. मला एवढंच हवं होतं, ही बाई खरंच जेवते की नाही ते कळायला. म्हणून मी त्या मुलीला म्हटलं, कोठी बसवायला घर मी देते. पोरांना वाटलं, मॅडम किती सहकार्य करतात. सहकार्य कसलं, मला आईवर पाळत ठेवायची होती.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही पाच जण कोठी घेऊन वस्तीवर गेलो. आईनं कोठीभोवती एक चक्कर मारली, बाजारात गिऱ्हाइकानं शेळीचे दात बघावेत तशी वाकून खालचा सेन्सर बघितला.

"ह्यो डबा मोजतोय व्हय?"

"हो आजी," मुलगी म्हणाली. "आत किती ज्वारी आहे ते."

"आन मोजून कुणाला सांगतोय?"

"मॅडमच्या फोनवर. रोज संध्याकाळी सहाला."

"रोज?" आईनं माझ्याकडं बघितलं. "आन तू त्यो फोन कुठं ठिवतीस?"

"माझ्याजवळच की," मी म्हटलं. हे तिनं का विचारलं, हा संशय मला तेव्हा यायला हवा होता. नको तिथं संशय घ्यायचा आणि हवा तिथं झोपा काढायच्या, अशी माझी गत.

घरातल्या पोत्यातली ज्वारी आईनं स्वतः मापानं कोठीत ओतली. "लाभ," म्हणाली पहिलं माप ओतताना, मग "दोन, तीन." एक का नाही म्हणत, असं एका मुलानं विचारलं. पहिलं माप मोजायचं नसतं, तो लाभ असतो, आई म्हणाली. आणि दाणे असे मोजत बसलं की पुरत नाहीत, असंही तिनं सुनावलं. मुलगी वहीत लिहून घेत होती. ज्वारी तीस किलो भरली.

"एवढीच?" मी विचारलं.

"ती काय कोपऱ्यात दोन पोती हायती. दिसत न्हाईत व्हय तुला?"

कोपऱ्यात दोन पोती होती खरी, तोंडं शिवलेली. माझं समाधान झालं. पोरांनी फोटो काढले, आईनं त्यांना शेंगा दिल्या. मुलीनं आईचा एकही फोटो काढला नाही, फक्त कोठीचा काढला. मला त्याचाही संशय आला, की ही नंतर एकटी येऊन काढणार असेल.

मेसेज आला की फोन वाजावा म्हणून पोरांनी त्याला एक वेगळा खणखणीत आवाज लावून दिला होता. मी त्याच संध्याकाळी तो बंद केला. वर्गात वाजायला नको, असं मुलांना सांगितलं.

पहिल्या संध्याकाळी मेसेज आला, तीस किलो. दुसऱ्या दिवशी तीस. तिसऱ्या दिवशी तीस. आठवडा झाला तरी तीस. मी आईला फोन केला.

"कोठीतलीच ज्वारी खातेस ना?"

"मग काय माती खाती?"

"दळायला नेलीस?"

"एकटीपुरतं गिरणीत कोण जातंय. जात्यावर दळती रोजच्या रोज."

रोजच्या रोज दळते आणि वजन तसूभर हलत नाही. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होतं, आई नाही तर कोठी. मी मुलीला बोलावलं. तिनं कोठीकडून येणारी माहिती तपासली. यंत्र चालू होतं, सिम चालू होतं. गटातला एक मुलगा एसटीनं वस्तीवर जाऊन आला. आईनं त्याला चहा पाजला, कोठीला हात लावू दिला नाही. "अन्नाचा डबा हाय, पारोशा हातानं उघडायचा नसतोय," म्हणाली. त्यानं बाहेरूनच वायरी बघितल्या आणि सगळं ठीक आहे म्हणून परत आला.

डिसेंबर गेला. तीस, तीस, तीस. मला रोज सहा वाजता तो आकडा बघून चीड यायला लागली. फोनवर आई धापा टाकतेय असं वाटायचं. विचारलं की चढावरनं आले, असं उत्तर. मी स्वतः जाऊन बघायला हवं होतं. पण कॉलेजात परीक्षा होत्या, घरात पाहुणे होते, आणि खरं सांगायचं तर आकडा बरा होता. तीस किलो ज्वारी असलेली बाई उपाशी कशी राहील, असं मी स्वतःला सांगायची. आणि पुढच्याच क्षणाला वाटायचं, कुठंतरी पाणी मुरतंय.

जानेवारीत प्रोजेक्टची अंतर्गत तपासणी आली. मुलीनं आलेख मांडला. सरळ रेघ, टेबलाच्या कडेसारखी. मी चौघांसमोर तिला झापलं. म्हटलं, यंत्र बंद पडलंय आणि तू घरी बसून आकडे टाइप करते आहेस. जित्या माणसाच्या घरातलं धान्य दोन महिने हलत नाही, एवढं कळत नाही का? जगातली भूक मिटवायला निघालात, एका म्हातारीचा डबा नीट मोजता येत नाही. या खोट्या डेटावर माझी सही मिळणार नाही.

तिघं मुलं जमिनीकडं बघत राहिली. मुलीचे कान लाल झाले. पण ती रडली नाही.

"मॅडम, तुम्हाला येतो तो फक्त सहाचा आकडा आहे. यंत्र दर पाच मिनिटांनी मोजतं. हे बघा." तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला आणि रेघ मोठी करून दाखवली. रेघ सरळ नव्हती. रोज सकाळी तिला एक छोटा खड्डा पडत होता. "रोज पावणेसातला अर्धा किलो कमी होतंय. आणि दहा मिनिटांत परत तेवढंच वाढतंय."

"म्हणजे सेन्सर खराब."

"सेन्सर खराब असता तर रोज पावणेसातलाच कसा झाला असता? आणि मॅडम, डिसेंबरच्या मध्यापासून खड्डा लहान झालाय. अर्धा किलोचा पाव किलो. आणि गेल्या आठवड्यापासून दिवसाआड पडतोय."

"बहाणे पुरे," मी म्हटलं आणि त्यांना बाहेर काढलं.

संध्याकाळी घरी भाकरीचं पीठ काढताना माझा हात डब्यातच थांबला. अर्धा किलो म्हणजे एक मापटं. पाव किलो म्हणजे चिपटं. आईच्या घरात ज्वारी काढायला हीच दोन मापं आहेत, लाकडी, माझ्या आजोबांच्या वेळची. मापट्यावरून चिपट्यावर आणि रोजवरून दिवसाआड. यंत्राला मापटं-चिपटं कुठून माहीत असणार? ती मुलगी आकडे रचत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी चौघांसमोर करून बसले होते. पण चोर कोण, आणि काढलेलं परत भरतं कोण, ते मला कळत नव्हतं. त्या संध्याकाळी आईला फोन केला नाही. फोनवर ती काय सांगणार ते मला पाठ होतं.

शनिवारी मी न कळवता गेले. घरात सांगितलं, कॉलेजचं काम आहे. विटा, मायणी करत दुपारी वस्तीवर पोचले. दाराला नुसती कडी होती, आई शेळ्या घेऊन माळावर गेलेली. कुत्रं मला ओळखून शेपूट हलवत बसलं, त्याच्याही बरगड्या दिसत होत्या. मी चपला काढल्या आणि स्वतःच्या आईच्या घरात चोरासारखी शिरून कोठीचं झाकण उघडलं.

वर जुन्या लुगड्याचं एक फडकं घातलेलं होतं. ते उचललं. खाली दगड होते. माळावरचे काळे, मुठीएवढे, त्याहून लहान, एकसारखे निवडलेले आणि स्वच्छ धुतलेले. बाजूला फडक्याची एक पुरचुंडी होती, तिच्यात ज्वारी. दोन्ही हातांच्या ओंजळीत चार-पाच वेळा मावेल एवढी. मी कोपऱ्यातल्या पोत्यांकडं गेले आणि एकाची शिवण उसवली. आत लोकर होती, वडिलांच्या वेळची, हल्ली कुणी विकत न घेणारी.

मी तिथंच दगडांपुढं बसले होते तेव्हा आई दारात आली. तिनं उघडी कोठी बघितली, मला बघितलं, आणि आधी शेळ्या बांधून आली.

"हे काय आहे?"

"दगडं."

"दगड आहेत ते दिसतंय मला. कशाला?"

"जेवढं काढलं तेवढं भरलं. वजन बराब्बर धरायला येतंय मला. लोकर दगडानंच जोखायचो की आमी."

"अगं पण का?"

ती उंबऱ्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं. "तुज्या फोनवर येतंय न्हवं रोज? फोन त्या घरात वाजनार. तुजी सासू इचारनार, कुनाचा गं फोन. मग तू सांगनार, आयच्या घरातली ज्वारी सपली. माणातली हाय म्हणली व्हती ना ती? मग खरंच झालं की तिचं."

मला राग आला. रडू नंतर आलं, आधी रागच. मी ओरडले. म्हटलं, तुझी ती झाकली मूठ घाल चुलीत. रेशनचा तांदूळ-गहू येतो ना, तो कुठं गेला? तेव्हा तिनं दोन्ही अंगठे माझ्यापुढं धरले. दोर ओढून, लोकर पिंजून, जातं ओढून झिजलेले, गुळगुळीत. एकही रेघ दिसत नव्हती.

"रेशनच्या यंत्रावर उमटत न्हाई दिवाळीपास्नं. तीनदा गेले. त्या यंत्राला वाटतंय ही म्या न्हवंच."

"मग मला सांगायचं नाही?"

"आन मग तू काय केलं आसतंस? त्या घरातनंच आनलं आसतंस."

मी एक दगड हातात घेऊन बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "हे धुतलेस कशाला?"

"आन्नाच्या जागी ठिवायची. धुवायला नगंत?"

आणि तेव्हा मला फोनचा तो आवाज आठवला, मी पहिल्याच संध्याकाळी बंद केलेला. वर्गात वाजायला नको म्हणून. मी वर्गात फोन नेतच नाही, तो स्टाफरूमच्या कपाटात असतो. संध्याकाळी सहाला मी कुठल्या वर्गात असते? सहाला मी कुंडलच्या घरात, स्वयंपाकघरात असते, शेजारी आत्या भाजी निवडत बसलेल्या असतात. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आवाज मी त्यांच्यासाठी बंद केला होता. आईनं दगड भरले ते उगाच नाही भरले. ती मला माझ्यापेक्षा बरी ओळखत होती.

मी तिथं माणूस पकडायला गेले होते, त्यामुळं हात हलवत गेले होते. पर्समधला बिस्किटाचा पुडा तेवढा तिच्या हातात ठेवला. तिनं निघताना माझ्या पर्समध्ये बोरं भरली. लेक मोकळ्या हातानं जात नसते म्हणाली.

मायणीत गाडी थांबवून मी त्या मुलीला फोन लावला. तुझा डेटा खरा होता, चूक माझी, मी सगळ्यांसमोर बोलले तशीच सगळ्यांसमोर माफी मागेन, एवढं म्हणाले आणि दगडांचं सांगितलं. मला वाटलं, आता ही विचारणार, दगडांचा फोटो काढला का.

"मॅडम, आजी जेवल्या का आज?" तिनं विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. मी भांडून निघाले होते, हे विचारायचंच राहिलं होतं.

पुढं पोस्टरच्या वेळी आमचं पुन्हा वाजलं. दगडांचं काही लिहायचं नाही, सेन्सर बिघडला म्हणून टाक, असं मी सांगितलं. ती म्हणाली, खोटा डेटा म्हणून तुम्हीच ओरडलात ना मॅडम, आता खोटं लिहू का? शेवटी तिनं तो खड्ड्यांचा आलेख तसाच लावला आणि खाली एक ओळ लिहिली, की मेसेज कुणाला जावा हे घरातल्या बाईला आम्ही विचारलं नाही, ही आमच्या डिझाइनमधली चूक. परीक्षकांनी मान हलवली आणि बक्षीस दुसऱ्या एका गटाला दिलं, त्या वर्षीच्या भिंतीवरच्या पालेभाजीला. मी मात्र तिच्या फॉर्मवर सही करताना पहिल्यांदाच कुठली खोट शोधली नाही.

त्या शनिवारी घरी पोचले तेव्हा सहा वाजत आले होते. नवरा कारखान्यावर पाळीला गेलेला. आत्या मेथी निवडत होत्या. मी पर्समधून फोन काढला, आवाज चालू केला आणि तो कट्ट्यावर ठेवला. आईला निघताना सांगून आले होते की दगड मी काढलेत आणि परत भरलेस तर बघ. सहा वाजले आणि फोन ठणठणला.

"कुनाचा गं?" आत्या म्हणाल्या.

"आईच्या कोठीचा. एकच किलो ज्वारी उरलीय तिच्या घरात. दिवाळीपासून रेशन मिळालेलं नाही. दिवसाआड जेवते." मी एका दमात सांगितलं आणि वाट बघत राहिले. आता भावकीत बोभाटा होणार, आता उद्या शेजारी विचारायला येणार, असं सगळं मनात येऊन गेलं. आत्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"तुला आदी म्हाईत न्हवतं?"

"तिनं सांगितलं नाही. तुम्ही लग्नात बोललात ते तिच्या ध्यानात आहे."

आत्यांनी मांडीवरची मेथीची पानं झटकली. मग म्हणाल्या, "बोलले व्हते खरं." आणि थोड्या वेळानं, "माझ्या आईनंबी न्हाई सांगितलं कवा. आमाला मागनं कळलं, ती गेल्यावर. उतरंडीत नुसती राख भरून ठिवलेली." त्यांच्या माहेराबद्दल मी एवढं पहिल्यांदाच ऐकत होते. "तू उद्या काय न्हिऊ नगंस. तू दिलेलं ती घ्यायची न्हाई. मी येते."

तरी माझ्या मनात आलंच, ही बाई तिथं जाऊन उपकार करणार. रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

रविवारी दुपारी आम्ही वस्तीवर पोचलो. गाडीत मागं ज्वारीचं पोतं होतं, पण आत्यांनी ते उतरवू दिलं नाही. आईनं विहिणीला बघितलं, डोक्यावर पदर घेतला, पायावर पाणी घातलं आणि चूल पेटवली. मी काही बोलायच्या आत तिनं ती पुरचुंडी सोडली आणि होती नव्हती ती ज्वारी जात्यापाशी नेली. आत्या उठल्या, समोर बसल्या आणि जात्याचा खुंटा धरला. आई नको म्हणाली. आत्यांनी सोडला नाही. दोघींनी मिळून ते दळण संपवलं.

भाकरी, हुलग्याचं माडगं आणि लसणाची चटणी. आत्या दोन भाकरी जेवल्या. मग ताट पुढं सरकवून म्हणाल्या, "आनखी वाढा विहीणबाई." आईनं तिसरी वाढली. मी आत्यांना आयुष्यात तीन भाकऱ्या खाताना बघितलं नव्हतं. त्यांना मधुमेह आहे. ती तिसरी त्यांनी हळूहळू, शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली.

"तुमच्यात पोटभर जेवले," त्या म्हणाल्या. "आता तुमाला माझं ठिवून घ्यावं लागंल. जेवून तसंच उठनारी न्हाई मी."

आईनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. घरात खाऊ घातल्याशिवाय ती घेणार नव्हती, हे आत्यांना रात्रीच कळलं होतं. मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. पोतं आत आलं. आत्यांनी मापटं भरलं, कोठीत ओतलं आणि "लाभ" म्हणाल्या. पुढची मापं त्यांनी मोजलीच नाहीत.

मग आई जेवायला बसली. उरलेल्या पिठाची शेवटची भाकरी होती आणि तळाचं माडगं. मी भिंतीला टेकून समोरच बसले. आत्या शेळ्या बघायच्या निमित्तानं बाहेर गेल्या.

"बगतीयास काय?" आई म्हणाली. "जा की भाईर."

मी हलले नाही. तिनं अर्धी भाकरी कुस्करली, अर्धी बाजूला ठेवली. ती कुत्र्याला, असं म्हणाली. मी म्हटलं, कुत्र्याचं मी बघते, तू खा. तिनं तीही खाल्ली. ताटात पाणी ओतलं, बोटानं फिरवलं आणि ते पाणी प्याली. मी शेवटच्या घोटापर्यंत बघत बसले. आता फोन रोज सहाला कुंडलच्या स्वयंपाकघरात ठणठणतो आणि वजन उतरताना दिसतं. तरी महिन्यातून एक रविवार मी न कळवता जाते आणि ती जेवताना समोर बसते. तिच्यावर माझा अजून विश्वास नाही.